वायुसेनेतल्या वैमानिकाची स्मरणपुस्तिका: लॉगबुकापासून सुरुवात कशी करावी

वायुसेनेतून निवृत्त झालेले वडील किंवा आजोबा गेले, की दोन-तीन दिवसांतच घरच्यांना काहीतरी लिहावं लागतं. वर्तमानपत्रातली निधनवार्ता, नातेवाइकांना पाठवायचा निरोप, तेराव्याला वाचायचा मजकूर. ‘कर्तव्यदक्ष’, ‘शिस्तप्रिय’, ‘कुटुंबवत्सल’ हे शब्द तेव्हा आपसूक येतात. ते खोटे नसतात, पण कुणाही भल्या माणसाबद्दल लिहिता येतात. वैमानिकाने तर आपल्या प्रत्येक उड्डाणाची नोंद स्वतःच्या अक्षरात लॉगबुकात ठेवलेली असते. ती नोंद आणि घरातले कागद शेजारी ठेवले, तर वर्षश्राद्धापर्यंत चाळीस-पन्नास पानांची अशी पुस्तिका तयार होते, जी फक्त त्यांचीच असेल. ती कशी करायची ते इथे लिहिलं आहे.

पहिला आठवडा

कपाट आणि ट्रंका रिकाम्या करायची घाई करू नका. फाटकं पाकीट, जुनं ओळखपत्र, रेल्वे वॉरंटची (सरकारी खर्चाने रेल्वेप्रवास करायच्या कागदाची) कार्बन प्रत, नाव आणि क्रमांक पांढऱ्या रंगात लिहिलेली काळी ट्रंक, यांतलं काहीही रद्दीत जाऊ देऊ नका. ट्रंकेच्या झाकणावर एकावर एक रंगवलेले जुने पत्ते असतील, तर तिरप्या उजेडात फोटो काढा. खालचे पत्ते पुष्कळदा वाचता येतात आणि बदल्यांचा क्रम सापडतो.

तीन कामं मात्र थांबवू नका. पहिलं, पेन्शनचं. पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), मृत्यू दाखला आणि पत्नीचे बँक तपशील काढून कुटुंब निवृत्तिवेतनासाठी संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर किंवा बँकेमार्फत कळवा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. मूळ पीपीओ कुणाच्या हाती देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. दुसरं, खाजगी परवान्याचं पिस्तूल किंवा बंदूक. परवाना त्यांच्या नावावर होता, त्यामुळे ते शस्त्र तसंच घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. वारसाच्या परवान्याचा अर्ज नंतर करता येतो. तिसरं, शोकेसमधली तोफगोळ्याची पुंगळी. आठवण म्हणून आणलेल्या ३० मिलिमीटरच्या काडतुसात दारू शिल्लक आहे की नाही, हे नुसतं बघून ठरवू नका. बुडातलं टोपण आणि पुढचं टोक दोन्ही जागेवर असतील तर हलवू नका, पोलिसांना बोलवा.

अंत्यसंस्कार अजून व्हायचे असतील तर जवळच्या वायुसेना तळाला लगेच फोन करा. पुण्यात लोहगाव, नाशिककडे ओझर, नागपुरात वायुसेनानगर. पुष्पचक्र वाहायला कुणी येऊ शकेल का, ते तळच सांगेल. तिरंग्याबाबत घरोघरी चूक होते. ध्वजसंहितेनुसार पार्थिवावर राष्ट्रध्वज घालण्याची मुभा शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलाच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारांनाच आहे. केशरी पट्टा डोक्याकडे असतो आणि ध्वज चितेवर किंवा दफनात जाऊ द्यायचा नसतो. घरच्यांनी आपल्या मनाने ध्वज पांघरू नये, भावना कितीही खरी असली तरी.

लॉगबुक वाचायचं कसं

जाड पुठ्ठ्याचं, आडवं, रकाने आखलेलं पुस्तक. पूर्ण कारकिर्दीची अशी तीन-चार तरी पुस्तकं असतात. आधी ती क्रमाने लावा. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मागच्या पुस्तकातून आणलेली बेरीज असते. एखादं पुस्तक हरवलं असेल, तर त्याआधीच्या पुस्तकाची शेवटची बेरीज नंतरच्या पुस्तकाच्या पहिल्या बेरजेतून वजा करा. हरवलेल्या काळातले तास मिळतात. तपशील गेला तरी आकडा राहतो.

एका ओळीत डावीकडून तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, सोबतचा वैमानिक किंवा प्रवासी, काम, आणि मग तासांचे रकाने येतात. वैमानिकाच्या रकान्यात ‘सेल्फ’ असेल तर विमान त्यांच्या ताब्यात होतं. तिथे दुसऱ्याचं नाव असेल तर ते शिकत होते, तपासणी देत होते किंवा सहवैमानिक होते. ‘सेल्फ’ हा शब्द पहिल्यांदा येतो ती ओळ शोधा. बहुतेकदा शेजारी ‘फर्स्ट सोलो’ असतं आणि वेळ असते जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. पुस्तिकेत त्या पानाचा मोठा फोटो हवाच.

कामाच्या रकान्यातली आद्याक्षरं घरच्यांना अडवतात. ‘एलएल नॅव्ह’ म्हणजे कमी उंचीवरून मार्ग शोधत केलेलं उड्डाण. ‘पीआय’ म्हणजे दुसरं विमान गाठून रोखण्याचा सराव. ‘जीसीए’ म्हणजे जमिनीवरच्या रडार नियंत्रकाच्या सूचनांवर उतरणं. ‘आयआरटी’ ही फक्त उपकरणांवर विमान चालवण्याची परीक्षा. ‘सीएपी’ म्हणजे आकाशातली गस्त. ‘२ व्ही २’ म्हणजे दोन विमानांविरुद्ध दोन असा लढतीचा सराव. ‘एअर टेस्ट’ म्हणजे दुरुस्तीनंतर विमान तपासायला घेतलेली भरारी. ओळीत ‘एअर टेस्ट’ वारंवार दिसत असेल तर त्या काळात त्यांच्यावर तांत्रिक भरवसा जास्त होता, हे लिहिण्याजोगं आहे.

आता तासांची बेरीज. इथे तीन चुका नेहमी होतात.

पहिली म्हणजे टिंब. ‘१.१०’ म्हणजे बहुतेक जुन्या पुस्तकांत एक तास दहा मिनिटं, सव्वा तासाहून थोडं कमी. पानभर नजर फिरवा: टिंबापुढे ४५, ५०, ५५ दिसतात आणि ५९ च्या पुढचा आकडा कुठेच नाही, तर ती मिनिटं आहेत. ०.४५ आणि ०.५० यांची बेरीज मग १.३५ होते, ०.९५ नाही. संगणकातल्या तक्त्यात आकडे तसेच भरले तर हजार तासांमागे मोठा घोळ होतो. तास आणि मिनिटं वेगळ्या रकान्यांत भरा, मिनिटांच्या बेरजेला ६० ने भागा.

दुसरी म्हणजे दुहेरी मोजणी. दिवसाचे आणि रात्रीचे रकाने मिळून एकूण तास होतात. ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘क्लाउड’चा रकाना त्याच उड्डाणातला काही भाग पुन्हा दाखवतो. तो एकूणात मिळवायचा नसतो. सिम्युलेटरचे तासही वेगळे. शंका आली तर महिन्याच्या शेवटचा गोषवारा पाहा. त्यावर फ्लाइट कमांडर आणि स्क्वाड्रनच्या (विमानांच्या तुकडीच्या) कमांडिंग ऑफिसरची सही असते. आपली बेरीज त्या सहीखालच्या आकड्याशी जुळली पाहिजे.

तिसरी चूक तुलनेची. लढाऊ विमानाचं उड्डाण पाऊण तासाचं, मालवाहू विमानाचं चार-पाच तासांचं. मिग-२१ वर आयुष्य घालवलेल्या वैमानिकाचे एकूण तास एएन-३२ किंवा डकोटावरच्या वैमानिकापेक्षा पुष्कळ कमी भरतात. त्यामुळे ‘फक्त अडीच हजार तास’ असं वाटून घेऊ नका. लढाऊ वैमानिकासाठी तासांबरोबर उड्डाणांची संख्याही मोजून द्या.

विमानाच्या क्रमांकावरून प्रकार पडताळता येतो. हंटरच्या क्रमांकाआधी ‘बीए’, नॅटच्या आधी ‘आयई’, कॅनबेराच्या आधी ‘आयएफ’ ही अक्षरं असतात. ‘टाइप ७७’ लिहिलेलं असेल तर ते मिग-२१ एफएल, ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधलं गेलेलं तेच. ‘टाइप ९६’ ही त्यानंतरची आवृत्ती. पुस्तिकेत नुसतं ‘मिग’ लिहून सोडू नका, कारण ज्यांनी ही विमानं उडवली त्यांच्या लेखी ती वेगवेगळी विमानं आहेत.

शेवटच्या पानांवर वार्षिक मूल्यमापन आणि शेरे असतात. हिरव्या शाईतला शेरा म्हणजे संकटात विमान कौशल्याने वाचवल्याची दखल. लाल शेरा दोषाचा. लाल शेरा सापडला तर तो छापायचा की नाही हे आईला किंवा आजीला विचारून ठरवा, पण पान कापून टाकू नका. विमानातून उडी घेतल्याची नोंद असेल तर कपाटात मार्टिन-बेकर कंपनीचा टाय किंवा पिन शोधा. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आपल्या आसनाने जीव वाचलेल्यांना ती कंपनी टाय क्लबचं सदस्यत्व देते. हंटर, किरण, जॅग्वार यांत ती आसनं होती. नॅट आणि मिग-२१ मध्ये नव्हती, तेव्हा टाय मिळाला नाही म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

निवृत्तीनंतर विमान कंपनीत गेले असतील तर नागरी उड्डाणाचं लॉगबुक वेगळं असतं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये किंवा एखाद्या फ्लाइंग क्लबात शिकवत असतील तर तेही. सत्तरीत पाच मिनिटं ग्लायडर उडवल्याची नोंद पगारासाठी केलेली नसते. उड्डाणाचं प्रेम दाखवायला त्यापेक्षा भक्कम पुरावा नाही, त्या पानाला जागा द्या.

पदकं आणि सेवाक्रमांक

सेवाक्रमांकामागे शाखा लिहिलेली असते. परमवीर चक्र मिळालेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचा क्रमांक १०८७७ एफ(पी) असा लिहितात: फ्लाइंग शाखा, पायलट. एफ(एन) असेल तर ते नॅव्हिगेटर होते, आणि पुस्तिकेत त्यांना वैमानिक म्हणू नये. या क्रमांकावरून भारताच्या राजपत्रात कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) आणि बढतीच्या तारखा शोधता येतात. ‘भारत रक्षक’ या संकेतस्थळावरही वायुसेनेच्या अधिकाऱ्यांची यादी आहे. शौर्यपदकांची प्रशस्तिपत्रं सरकारच्या शौर्य पुरस्कार संकेतस्थळावर मिळतात.

पदक भिंगाखाली धरून कडा वाचा. कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं तर ते पदक फ्रेमसाठी नंतर विकत घेतलेलं असू शकतं. पूर्वी स्टार म्हणजे १९७१ ला पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम आघाडी. समर सेवा स्टार १९६५ चा. सैन्य सेवा मेडलच्या फितीवरची पट्टी प्रदेश सांगते: हिमालय, नेफा (आजचा अरुणाचल), जम्मू-काश्मीर. लॉगबुकातल्या नोंदी आणि ही पट्टी जुळतात का ते पाहा. वायुसेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि उत्तम सेवेसाठीही. राजपत्र पाहिल्याशिवाय ‘शौर्यपदक’ लिहू नका.

पदकं ब्रासोने, चिंचेने किंवा रांगोळीने घासू नका, कोरीव अक्षरं झिजतात. मऊ सुती कापडाने पुसणं पुरे. फित धुऊ नका, रंग उतरतो. भिंतीवरच्या फ्रेममध्ये लष्करी सामानाच्या दुकानातल्या प्रतिकृती लावा, पुण्यात कॅम्पात त्या मिळतात. मूळ पदकं लॉकरमध्ये ठेवा. फ्रेमची आतली खोली निदान २५ मिलिमीटर हवी, म्हणजे पदक काचेला टेकत नाही. पदक डिंकाने चिकटवू नका, फित कापडावर टाक्याने धरा. सर्वांत मानाचं पदक बघणाऱ्याच्या डावीकडे येतं. फोटोग्राफर क्रम हमखास उलटा करतात, म्हणून छपाईआधी तपासा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका.

घर आणि आकाश एका तक्त्यात

पुस्तिकेचा गाभा हा आहे. एक लांब तक्ता आखा. डावीकडे तारीख, मधे लॉगबुकातली नोंद, उजवीकडे घरात त्या दिवशी काय होतं. उजवा रकाना भरायला कागद लागतात: लग्नपत्रिका, मुलांचे जन्मदाखले, केंद्रीय विद्यालयाचे शाळा सोडल्याचे दाखले, आणि पत्रं. शाळेचे दाखले फार उपयोगी, कारण त्यांवर गाव आणि तारीख दोन्ही असतात आणि अधिकारी बदलला की मुलांची शाळा बदलतेच. निळ्या अंतर्देशीय पत्रांवर ‘५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर पश्चिमेकडचा पत्ता, ‘९९ एपीओ’ असेल तर पूर्वेकडचा. गाव लिहायची परवानगी नसे, पण टपालाच्या शिक्क्यावरची तारीख वाचता येते.

मग दोन्ही रकाने शेजारी वाचा. मुलीचा जन्म झाला त्या आठवड्यात लॉगबुकात नोंदच नाही, म्हणजे रजा मिळाली होती. किंवा त्याच दिवशी रात्रीची दोन उड्डाणं आहेत, म्हणजे मिळाली नव्हती. असं एखादं जुळणं सापडलं की त्यावर एक पान लिहा, आणि आईची किंवा आजीची बाजू त्याच पानावर तिच्या शब्दांत घ्या. क्वार्टर रिकामं करून सामान बांधणं, नव्या गावात गॅस आणि दूध लावणं, विमान उशिरा उतरलं तर फोनची वाट बघणं, हे कुठल्याच सरकारी कागदात नसतं. तिला ‘तेव्हा कसं वाटायचं’ असं विचारलं तर ‘सवय झाली होती’ इतकंच उत्तर मिळतं. त्याऐवजी एक फोटो हातात देऊन विचारा: हे कुठलं क्वार्टर, शेजारी कोण होतं, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला होतं? अर्ध्या तासाहून जास्त बसवू नका आणि मोबाइलवर आवाज टिपून ठेवा.

सोबत्यांना विचारणं

कोर्समेट, म्हणजे प्रशिक्षणातल्या एकाच तुकडीतले सोबती, हे पहिलं दार. एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) असतील तर कोर्सचा क्रमांक आणि तिथला स्क्वाड्रन, म्हणजे छात्रांचा गट, कळला की एका फोनवर दहा जणांपर्यंत पोचता येतं. एअर फोर्स असोसिएशनच्या शाखेतही विचारा. पण अधिकाऱ्यांवर थांबू नका. त्यांचं विमान सज्ज करणारे वायुसैनिक, मालवाहू विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून ज्या चौक्यांना रसद गेली तिथले जवान, यांच्याकडे वेगळी माहिती असते. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यातून परतले नाहीत. मिस्टेअर विमानातून त्यांनी पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं होतं, हे आपल्याकडे कित्येक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. पलीकडच्या बाजूने आलेल्या माहितीमुळे ते उजेडात आलं आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. माहिती कुठल्या बाजूने येईल हे सांगता येत नाही, म्हणून विचारायची यादी लांब ठेवा.

सोबत्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट लॉगबुकाशी ताडून पाहा. तारीख जुळली नाही तर गोष्ट टाकून देऊ नका. ‘अमुक यांच्या आठवणीनुसार’ असं लिहून छापा.

लिहिताना

हुद्दा नावाआधी, ‘निवृत्त’ नावानंतर: विंग कमांडर अमुक तमुक (निवृत्त). ‘स्क्वाड्रन लीडर’ हा हुद्दा आहे, स्क्वाड्रनचं नेतृत्व केलंच असा त्याचा अर्थ नाही. स्क्वाड्रनचा प्रमुख बहुतेकदा विंग कमांडर असतो. ‘फ्लाइट लेफ्टनंट’चं नुसतं ‘लेफ्टनंट’ करू नका, तो हुद्दा नौदलाचा आणि लष्कराचा. घरी वार्धक्याने गेलेल्या माणसाला हुतात्मा म्हणू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या त्याग चक्रावर लढताना प्राण दिलेल्यांची नावं असतात, तिथे नाव लागावं म्हणून अर्ज करण्यात अर्थ नाही.

‘गोपनीय’ किंवा ‘प्रतिबंधित’ शिक्का असलेले नकाशे, वैमानिकासाठीच्या पुस्तिका, तळाचे आराखडे छापू नका, फोटो काढून पाठवूही नका. असं काही सापडलं तर जवळच्या तळावर लेखी पोच घेऊन परत करा.

जपणूक

लॉगबुक सपाट स्कॅनरवर दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना उशा देऊन साधारण काटकोनात उघडा आणि वरून फोटो घ्या किंवा ३०० डीपीआयवर स्कॅन करा. पासपोर्टएवढे फोटो ६०० ला, अगदी चिमुकले १२०० ला. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही नकोत. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. दातांत फिरवायचा दोरा मागून हलके सरकवत न्या. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नाही. डिजिटल प्रती तीन ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू ओल. कागद लोखंडी पेटीत, आम्लरहित कागदात गुंडाळून, सोबत सिलिका जेल. नारिंगी जेल ओल शोषून हिरवं झालं की १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. डांबरगोळ्या फोटो, फिल्म आणि प्लॅस्टिकजवळ ठेवू नका. जी-सूट (वैमानिकाचा, अंगाला दाब देणारा पोशाख) आणि ऑक्सिजन मास्कचं रबर काही वर्षांनी चिकट होऊन शेजारच्या वस्तूला लागतं. ते सुती कापडात वेगळं ठेवा.

जुनं कॉकपिटमधलं घड्याळ, कंपास किंवा अल्टीमीटर (उंचीमापक) असेल तर काच उघडू नका. त्यावरचा रंग रेडियमचा असू शकतो. तो आता अंधारात चमकत नाही म्हणून निर्धोक झाला असं नाही. चमकणारं द्रव्य काही वर्षांत झिजतं, पण रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. मुलांच्या हाती देऊ नका आणि झोपायच्या खोलीत ठेवू नका.

नातवंडांसाठी १:७२ प्रमाणातली प्रतिकृती करून घ्यायची असेल तर लॉगबुकातला, त्यांनी स्वतः उडवलेल्या विमानाचा क्रमांकच शेपटीकडे घालायला सांगा. नॅट सुमारे १२ सेंटिमीटर होतं, हंटर १९. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी डकोटा वैमानिक असलेल्या वडिलांच्या सन्मानार्थ अख्खं विमान दुरुस्त करून २०१८ मध्ये वायुसेनेला दिलं. त्याला ‘परशुराम’ हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे, १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डकोटाचा. आपल्याला टेबलावरचं विमान परवडतं, क्रमांकाची काळजी मात्र तेवढीच घ्यावी.

छपाई आणि वाटप

ए५ आकार, ४८ पानं, शिवलेली बांधणी. तारेची पिन कोकणात गंजते. शेवटच्या चार पानांवर पूर्ण तक्ता: वर्ष, तळ, विमान, तास, हुद्दा. पुस्तिका पुण्यतिथीला द्या, नाही तर ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनाला किंवा १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाला. कोर्समेट्सना त्या दिवशी एकत्र यायला सोपं जातं. घरच्यांच्या प्रतींखेरीज एक प्रत त्यांच्या स्क्वाड्रनला पाठवा, एक दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनला, एक गावच्या वाचनालयाला. मूळ लॉगबुक पालमच्या वायुसेना संग्रहालयाला किंवा अन्य कुठे द्यायचं ठरलं तर आधी पत्र लिहून ते घेणार का, कुठे ठेवणार आणि घरच्यांना पाहता येईल का, हे लेखी विचारा. उत्तर आल्यावर, सगळी पानं स्कॅन झाली आहेत ना ते मोजून मगच हातातून सोडा.